गोल भोपळ्याच्या बियाण्याची निरवानिरव

श्री.

मी महिपती बिन रावजी काळुंगे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शेती, राहणार मौजे कुरणवाडी, भीमेचा डावा तीर, तालुका मोहोळ, जिल्हा सोलापूर, आज बुधवारी दुपारी माझ्या ओसरीवर बसून माझ्याच हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. मला कोणी नशापाणी दिलेले नाही, दरडावलेले नाही, की गोड बोलून भुलविलेले नाही. डोके शाबूत आहे. त्याची खूण म्हणून सांगतो, मराठी चौथीच्या पुस्तकातील सगळ्या कविता आजही पहिल्या अक्षरापासून चालीवर म्हणून दाखवीन. कचेरीतल्या ज्या कामगारास शंका असेल त्याने येऊन ऐकावे. अक्षर वाकडे आले आहे ते हाताच्या कापऱ्यामुळे, बुद्धीच्या नव्हे.

सोलापूरच्या डॉक्टराने माझ्या पायाची सूज अंगठ्याने दाबली. खड्डा भरून यायला किती वेळ लागतो ते पाहत बसला आणि म्हणाला, "आजोबा, दिवाळीपर्यंत काही होत नाही." दिवाळी पाच आठवड्यांवर आहे. माझा भोपळा वेलावर पिकून वाळायला माघ उजाडतो. एवढी मुदत मला मिळत नाही, सबब हे लिहिणे.

कलम १. शके १८५२च्या फाल्गुनात मी माझा पुतण्या आबासाहेब याचे नावे एक मृत्युपत्र करून दिले होते. ते रागाच्या भरात केले होते. ते आजपासून रद्द समजावे. त्यातील एक ओळही खरी धरू नये. विशेषतः "सून सोजरबाई हिने बियाण्याचा नाश केला" हे वाक्य. ते मी लिहिले, मोहोळच्या कचेरीत चार माणसांदेखत मोठ्याने वाचले, आणि ते खोटे आहे. कसे खोटे, ते कलम चारमध्ये आहे.

कलम २. माझे वारस असे. बायको केराबाई पंधरा वर्षांमागे गेली. एकुलता मुलगा मानसिंग शके १८४०च्या मानमोडीच्या साथीत तीन दिवसांच्या तापाने गेला. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि त्याची बायको सोजर एकोणीस. मूल नाही. वैरागहून तिचा भाऊ गाडी घेऊन आला, तेव्हा ती गाडीत बसली नाही. म्हणाली, "मामांना भाकरी कोण घालील? आणि येल कोण बगंल?" सासऱ्याला आमच्याकडे मामा म्हणतात. पुढे बारा वर्षे तिने भाकरीही घातली आणि वेलही पाहिले. मुलगा असता तर त्याने वेल पाहिले नसते. त्याला सोलापूरच्या गिरणीत जायचे होते. हे मी कोणाजवळ बोललो नाही, आता लिहून ठेवतो.

कलम ३. नदीकाठची मळई, माझ्या वाटणीस आलेली, दीड एकर, पूर्वेस नदी, पश्चिमेस बिरप्पा धनगराचे कुंपण, ही मी सोजरबाईस देत आहे. ती माझे पश्चात एकटी मालक. भावकीचा हक्क नाही.

मळई देतो म्हणजे काय देतो ते कचेरीतल्या लोकांस कळावे म्हणून थोडे सांगणे जरूर आहे. या जमिनीत माझ्या आजोबांपासून तंबोऱ्याचा भोपळा होतो. हा खायचा नव्हे. एवढा कडू की गुरे हुंगून मागे सरतात. पण वाळला की त्याची कवटी अंगठ्याच्या नखाएवढी जाड होते, आणि बोट मारले तर आतून हुंकार येतो. भोपळे या काठाला पुष्कळजण लावतात. पण घागरीसारखा चारी बाजूंनी सारखा गोल, बुडाला किंचित चपटा, असा फक्त आमच्या घरचा. मिरजेचे कारागीर उस्मानभाई आणि त्यांच्याआधी त्यांचे वडील दर माघात बैलगाडी घेऊन येत आणि प्रत्येक भोपळ्याला कान लावून निवडत. शाळेत पंतोजी आमच्याकडून कविता म्हणवून घेत, तेव्हा सगळ्या वर्गाचा एक स्वर लागे आणि कौलांवरची धूळ हलल्यासारखी वाटे. चांगला भोपळा वाजविला की मला तो वर्ग आठवतो. मला पाचवीतून काढून वडिलांनी या मळईत उभे केले. मी रडलो. वडिलांनी एक वाळका भोपळा माझ्या कानाशी धरून वाजविला आणि म्हणाले, "ऐक. शाळा हितं बी हाय." त्यानंतर मी रडलो नाही.

आता खरी गोष्ट. हा भोपळा आणि परसातला दुधी हे सख्खे भाऊ. दोघांचे फूल पांढरे, दोघांचे सांजेला उघडते. पाखरू दुधीच्या नर फुलाची धूळ आमच्या मादी फुलात टाकून गेले, तर त्या साली काही दिसत नाही. भोपळा गोलच धरतो. घात त्याच्या बियांत होतो. पुढच्या साली त्या बिया लावल्या की वेलाला लांब मानेचे, पातळ सालीचे, धड ना दुधी धड ना भोपळा असे काहीतरी लटकते. म्हणून बियाण्यासाठी ठेवायच्या फुलाला आम्ही पाखराच्या भरवशावर सोडत नाही. आदल्या दिवशी कळी दोऱ्याने बांधतो आणि दुसऱ्या सांजेला आपल्या हाताने धूळ लावतो. गावात मला भोपळ्याचा भट म्हणतात. आबासाहेब तर चारचौघांत विचारतो, "चुलते, आज कितीचा मुहूर्त? अक्षता आणू का?" त्याने हसावे. आजोबांपासून चार पिढ्या एक जात न मोडता चालली, ती या मुहूर्तावर.

आणि ती माझ्या हाताने मोडली.

कलम ४. शके १८५१च्या भाद्रपदात आम्ही बियाण्यासाठी तीन फुले लावली. दोन सोजरने, एक मी. बियाण्याच्या भोपळ्यावर, तो लिंबाएवढा असतानाच, बाभळीच्या काट्याने मी तिथी कोरतो. भोपळा वाढतो तशी अक्षरे वाढतात. माघात ती बोटभर होतात आणि वळणदार दिसतात. मला त्याची हौस. तिन्हींपैकी दोन भोपळे उस्मानभाईंनी हट्टाने नेले. उरलेला सगळ्यांत मोठा, सगळ्यांत गोल. त्याच्याच बिया मी पुढल्या साली साऱ्या मळईत लावल्या.

त्या साली काय आले ते लिहितो. एकूण एक वेलाला लांब माना. माघात उस्मानभाई आले. त्यांनी पहिला वाजविला, दुसरा वाजविला, सातवा वाजविला. मग हात खाली सोडून म्हणाले, "बाबा, ये तो बोलताच नई." गाडी रिकामी फिरविली. चाळीस वर्षांत प्रथमच.

मी घरात आलो आणि सोजरला बोललो. काय बोललो ते सर्व लिहीत नाही. तू कळ्या बांधल्या नाहीस म्हणालो. स्वयंपाकाच्या दुधीच्या बिया मिसळल्यास म्हणालो. परक्या घरची ती परक्या घरची, असेही म्हणालो. ती चुलीपुढे बसली होती. उठली नाही. एवढेच म्हणाली, "मामा, मोटं फूल तुमी लावलं. पंचमीची सांज हुती. मी बायांसंगं नदीवर हुते."

मी म्हणालो, "तुला अक्षर येत नाही, तिथी काय कळते?"

ती म्हणाली, "उपास हुता की मला. उपास कळतोय."

मी ऐकले नाही. तिने लुगडे पिशवीत घातले, दाराशी थांबून पुन्हा वळली आणि म्हणाली, "तुमी कवितंत हुता, मामा. मी येलात हुते." आणि वैरागच्या वाटेने चालती झाली. त्यावर मी मोहोळास जाऊन पहिले मृत्युपत्र केले.

यंदा ज्येष्ठात पाय सुजून अंथरुणास खिळलो, तेव्हा वेळ जाईना म्हणून माझी कवितांची वही काढली. मी पद्ये जुळवतो हे गावास ठाऊक आहे. शके १८५१च्या पानांत हे सापडले. माझेच अक्षर, माझीच शाई:

कुंपणापल्याड । हासे शुभ्र फूल ।
पडे मला भूल । सांजवेळी ॥
तोडुनी आणिले । दिले माझ्या वेली ।
कळी तृप्त झाली । धुळीने त्या ॥

खाली तिथी: भाद्रपद शुद्ध पंचमी.

कुंपणापल्याड बिरप्पाचा दुधी आहे. दुसरे काही नाही.

भिंत धरून उठलो. त्या मोठ्या भोपळ्याची रिकामी कवटी आढ्याला टांगलेली होती, ती काठीने खाली पाडली. तिच्यावर बोटभर अक्षरांत, माझ्याच वळणात: भा. शु. ५. ऋषिपंचमी. गावच्या साऱ्या बायका त्या दिवशी नदीवर असतात. सोजरला ती अक्षरे वाचता येत नव्हती. येत असती तर तिने माझ्यापुढे कवटी धरली असती. मला वाचता येत होती, आणि दीड वर्ष ती माझ्या डोक्यावर लोंबत होती.

आपल्या वेलाची नर फुले चार पावलांवर होती. पण कुंपणावरचे फूल उन्हात जरा जास्त पांढरे दिसले, त्यात ओळ सुचली, आणि हात तिकडे गेला. एवढेच झाले. एवढ्यावर चार पिढ्या गेल्या आणि एक माणूस घरातून गेले.

सोजर, हे तुझ्यासाठी. गुन्हा माझा. कबूल. हे कलम गावच्या शाळेतील गुरुसिद्धप्पा मास्तरांनी वैरागला जाऊन, तुझ्या भावकीदेखत, जसे आहे तसे मोठ्याने वाचून दाखवावे. मी तुला तीन कार्डे टाकली. तुझा भाऊ ती वाचून दाखवितो की चुलीत घालतो, मला माहीत नाही. चुलीत घालीत असला तरी त्याला मी दोष देत नाही.

कलम ५. वहीतील सदर पान जपून वेगळे काढावे. बाकी वही माझ्यासोबत सरणावर ठेवावी. ते पान मात्र सोजरबाईकडे राहावे. भावकीने पुढे कधी तिच्यावर बोट ठेवले तर दाखविण्यास तोच कागद.

कलम ६. आता जे लिहितो ते मालमत्तेचे नाही, पण सर्वांत निकडीचे आहे.

मोडलेल्या जातीचे बी मी जाळले. गेले साल मळई पडीक राहिली. यंदा वैशाखात देव्हाऱ्यामागे एक गाडगे सापडले. त्यात राख, आणि राखेत फडक्याची गाठ. गाठीत अकरा बिया. सोजरने शके १८४९ सालच्या, तिच्या हातच्या फुलाच्या, जपून ठेवलेल्या. साल ओळखले ते फडक्यावरून, त्या साली फाटलेल्या तिच्या लुगड्याचे. जाताना तिने त्या नेल्या नाहीत. मी तिला बियाण्याचा नाश करणारी म्हणालो, तेव्हा त्या तिच्या पाठीमागे हातभरावर होत्या, आणि त्यांचे नावही तिने काढले नाही.

अकरा लावल्या. तीन उगवल्या. एक गोगलगायीने खाल्ली, एक आबासाहेबाच्या शेळीने. एक वेल आहे. साऱ्या भीमाकाठी आमच्या जातीचा एवढा एकच. श्रावणात मी रोज चाळीस पावले चालत जाऊन, दहा ठिकाणी बसत, त्याला मांडवावर चढविला. भाद्रपद लागला तशी मादी फुले येऊ लागली. पहिले मी लावले. हात कापला, नर फूल मादीच्या गाभ्यावर आपटले, चौथ्या दिवशी बारका भोपळा पिवळा पडून गळाला. दुसरे तसेच. तिसऱ्याला उजवा हात डाव्याने धरला, तरी गळाले. चौथ्याला धूळ वाटेतच सांडली. आज सकाळी सहाव्या कळीचा गाभा तांबड्या किड्याने पोखरलेला दिसला. वेलाची शेंडी आखडली आहे, नवी मादी कळी धरीत नाही.

पाचवी एकच उरली आहे. माझ्या अंदाजाने ती उद्या गुरुवारी सांजेला उघडेल.

पाखरावर सोडता येत नाही. पश्चिमेला सारे कुंपण बिरप्पाच्या दुधीने पांढरे झाले आहे. आबासाहेबाला हात मागितला. तो म्हणाला, "चुलते, माझ्या हाताला नांगराची सवय. बाशिंग बांधायची न्हाय." तो मी डोळे मिटण्याची वाट पाहत आहे. मळईत ऊस लावणार आहे.

सोजर, तुझा हात मी बारा वर्षे पाहिला. तू फूल लावलेस तर शंभरात एक गळत नसे. तू येशील असे धरून मी काल लोकांकडून मांडवाखाली मातीचा ओटा करून घेतला आहे, म्हणजे तुला टाचा उंचावाव्या लागू नयेत. हे मृत्युपत्र कचेरीत जाण्याआधी तुझ्यापर्यंत गेले पाहिजे. मला मेल्यावर क्षमा केलीस तरी चालेल. कळीला तेवढा दम नाही.

कलम ७. माझे पश्चात हे काम नव्याने शिकणाऱ्यासाठी रीत लिहून ठेवतो. सोजरला ही पाठ आहे. पण ती कोणाला शिकवू लागली तर कागद जवळ असावा.

जी मादी कळी उद्या उघडणार तिचे टोक आज दुपारी हिरवे जाऊन पांढुरके होते. तिला मऊ दोऱ्याने एक वेढा द्यावा, फास देऊ नये. सोजर आपल्या जुन्या लुगड्याचा दोरा घेते, तोच बरा. शेजारची दोन नर फुलेही, आपल्याच वेलाची, पुन्हा लिहितो, आपल्याच वेलाची, तशीच बांधावी. दुसऱ्या दिवशी केव्हा सोडावी, तर:

दिवस बुडाया । हातभर राही ।
तेव्हा फूल पाही । वाट माझी ॥

हे मी रचले आहे. यात चूक नाही. नराच्या पाकळ्या ओरबाडून देठाशी धरावे आणि मादीच्या गाभ्यातल्या तिन्ही पाळ्यांवर, तान्ह्याच्या टाळूला तेल लावतो तसे फिरवावे. दाबू नये. दुसऱ्या नराने तेच करावे. मग मादीच्या पाकळ्या मिटवून पुन्हा बांधावे आणि ओळखीला चिंधी लावावी. चौथ्या दिवशी दोरा सोडलाच पाहिजे, नाहीतर आत कुजते. तोवर बारक्या भोपळ्याने मान खाली घातली आणि अंगावरची लव चमकली, तर धरला.

काम करताना कविता म्हणू नये.

कलम ८. राहते घर, दोन खण व ओसरी, सोजरबाईस. पितळी समई केराबाईची, ती तिलाच. घरात एक तंबोरा आहे. माझ्या वडिलांनी पिकविलेल्या भोपळ्याचा. उस्मानभाईंच्या वडिलांनी भेट दिलेला. आमच्या घरी गाणारे कोणी नाही, मी नुसता खुंट्या पिळून ऐकत बसतो. तो गावच्या शाळेस द्यावा. शाळेस दिला आहे, मास्तरांस नव्हे, त्यामुळे मास्तरांच्या साक्षीस बाध येत नाही. मुलांनी कविता म्हणताना तो लावावा. माझी पहिली ते पाचवीची पुस्तके त्याच्यासोबत जावी. चौथीच्या पुस्तकाची पाने बहात्तर ते ऐंशी गहाळ आहेत. ती माझ्या तोंडून मास्तरांनी आठ दिवसांत लिहून घ्यावी.

कलम ९. पुतण्या आबासाहेब यास दोन्ही बैल, गाडी, गोठ्याची जागा आणि गावाकडचे जिराईत रान दोन एकर. त्याला काही न देता जावे असे मनात होते. पण मानसिंग गेला तेव्हा खांदा त्याने दिला होता. अट एकच. मळईच्या बांधावर त्याने शेळी आणू नये. आणली तर जिराईत रानही सोजरबाईचे.

कलम १०. इतके लिहून झाले तोच गुरुसिद्धप्पा मास्तर शाळा सुटल्यावर आले. साक्षीदार शोधायला ते गावभर फिरले. आबासाहेबाच्या भीतीने भावकीतला एकही माणूस येईना. शेवटी ज्याला आबासाहेबाची भीती नाही असा एकच माणूस त्यांनी आणला. बिरप्पा. बावीस वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

तो ओसरीखालीच उभा राहिला. म्हणाला, "अंगठा पायजे व्हय? देतो की. पर माज्या दुदीचं आदी लिव्हा त्यात."

सबब लिहितो. बावीस वर्षांमागे बिरप्पाच्या परसातला दुधी कडू निघाला. त्याने घरचेच बी धरले होते, आणि त्यात माझ्या भोपळ्याची धूळ गेली होती. त्याच्या मुलीला पाहायला पाहुणे आले होते. दुधीची भाजी खाऊन सहाच्या सहा जण अंगणात ओकत बसले. सोयरीक मोडली. बिरप्पाने भाजीचे भांडे आणून माझ्या दारावर आपटले. मी तेव्हा हसलो आणि कडू दुधीवर चार ओळी जुळवून पारावर म्हणून दाखविल्या. दोष माझ्या वेलाचा होता, आणि हसण्याचा दोष माझा स्वतःचा. असे मी बिरप्पाचे समाधानासाठी व खरे म्हणून लिहून देतो.

मग मास्तरांनी आमच्या दोघांसमोर कागद पहिल्यापासून वाचला. कलम चार आले. वहीतल्या ओळी आल्या. बिरप्पा पायरी चढून वर आला.

"म्हंजी माज्या फुलानं तुजं घर मोडलं?"

मी म्हणालो, "नाही बिरप्पा. माझ्या हाताने."

"बराबर फिटलं म्हनायचं," तो म्हणाला, पण हसला नाही. त्याने विचारले, "आन् कळी कवा म्हनलास?"

"उद्या."

"उद्या कशाची! आत्ता येताना कुंपनावरनं बगितली की. तोंड सुटाया लागलंय तिचं. आजच उघडतीया."

कलम ११. हे कलम मी परत ओसरीवर येऊन लिहीत आहे. अक्षर वाचता आले नाही तर मास्तरांस विचारावे, ते हजर होते.

मला दोघांनी धरून नेले. चाळीस पावले. दिवस हातभर राहिला होता. कळी बांधलेली नव्हती. माझा अंदाज चुकला होता. पण ती पुरती उमललेली नव्हती, नुसती चुणी सुटली होती, पाखरू आत जाण्याइतकी नाही. मी बोटांनी पाहिले, आत धूळ नव्हती. सोजर आली असेल म्हणून मी एकदा वैरागच्या वाटेकडे पाहिले. वाटेवर कोणी नव्हते.

मास्तरांनी माझ्या वेलाची दोन नर फुले खुडली. दोन्ही वेळा मी देठ पाहून घेतला. पाकळ्या काढल्या. हात उचलला आणि तो पुन्हा कापू लागला. आधीपेक्षा जास्त. खरे सांगतो, मी त्या फुलापुढे हात जोडले असते, पण हात रिकामे नव्हते. बिरप्पा मागून म्हणाला, "सोड रं कापनं." आणि त्याने माझे मनगट धरले. मेंढीची लोकर कातरताना तिचा पाय धरतात तसे. त्याचा हात दगडासारखा. माझी बोटे तेवढी मोकळी राहिली. मी फिरविले. तीन पाळ्या, दोनदा. दाबले नाही. मला वाटते दाबले नाही. एका पाळीवर धूळ कमी पडली तशी बिरप्पाने आपल्या जाड अंगठ्याने नरावरची उरलेली पुसून तिथे टेकविली. मी ओरडलो. तो म्हणाला, "गप. कोकराचं डोळं बी मीच पुसतो."

कविता कोणी म्हटली नाही.

दोरा मी बांधला. सोजरच्या फडक्याचाच, ज्यात अकरा बिया होत्या. गाठ तिच्यासारखी आली नाही. घट्ट झाली आहे असा संशय आहे, आणि अंधारून आल्यामुळे मला ती आता सुधारता येत नाही.

सबब शेवटची तजवीज. सदर दोरा चौथ्या दिवशी, म्हणजे शनिवारी, सोडला पाहिजे. माझी बोटे ती गाठ सोडू गेली तर देठच तुटेल. बिरप्पाची जाड आहेत. मास्तरांना घाई आहे. तरी मी असे ठरवून लिहून ठेवतो की, ती गाठ सोडण्याचा अधिकार फक्त सोजरबाई मानसिंग काळुंगे हिचा. दुसऱ्या कोणी, मी धरून, तिला हात लावू नये. भोपळा धरला तर त्याच्यावर तिथी कोरू नये, तिला वाचता येईल अशी खूण तिनेच करावी. गळाला तर मळई, घर, समई आणि वहीचे पान तिचेच. त्यात बदल नाही. फक्त मग त्या जमिनीत तिने मनाला येईल ते लावावे, आणि माझे नाव घेऊ नये.

हा कागद उद्या पहाटे वैरागला निघतो. मास्तर नेणार होते. बिरप्पा म्हणतो, "मास्तर वाचून दावील, पर ती न्हाय म्हनली तर काय करील? मी बी जातो. माजी बी भाजी कडू झालीवती, मला बोलाया जमंल तिच्यासंगं."

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोघा साक्षीदारांसमक्ष पुरे केले. खाडाखोड चार ठिकाणी आहे, ती माझीच.

(सही) महिपती रावजी काळुंगे, दस्तुर खुद्द.

साक्षीदार:

१. (सही) गुरुसिद्धप्पा मलकप्पा हत्तुरे, मराठी शाळा, कुरणवाडी. मजकूर मी वाचून दाखविला, सही माझ्यासमोर झाली. कलम अकरा घडताना मी फुले धरून उभा होतो.

२. बिरप्पा बिन सिदू धनगर, राहणार सदर. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. सही येत नाही. उजव्या अंगठ्याला फुलाची धूळ आहे, त्याला त्याने शाई लागू दिली नाही. "शनवारपतोर कुंपनावरची माजी समदी दुदीची फुलं रोज खुडतो," असे मजकुरात घालण्यास त्याने सांगितले, म्हणून घातले. तो नसताना त्याची बायको खुडील, असेही.

मुक्काम कुरणवाडी, तालुका मोहोळ, जिल्हा सोलापूर. भाद्रपद वद्य सप्तमी, शके १८५४. तारीख २१ सप्टेंबर १९३२. वेळ दिवेलागणीची.